स्थितीकरणाचे कार्य आणि मुक्तांगणातील भगिनी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सुवर्णमहोत्सव हा ऋणनिर्देशाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत ज्यांनी जागा दिली, ज्यांनी वास्तू उभारली, ज्यांनी पाठशाळेस, वैद्यकीय मदतीस आणि साधर्मिक भक्तीस द्रव्य दिले, त्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत आणि या स्मरणिकेतही ती आदरपूर्वक छापली जात आहेत. ते उचितच आहे. दान हा श्रावकाचा धर्म आणि दात्याचे स्मरण हा संघाचा धर्म होय. परंतु आपल्या आचार्यांनी हातांनी केलेल्या सेवेची गणना दानात न करता तपात केली आहे, ही गोष्ट अशा प्रसंगी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान ही सहा आभ्यंतर तपे. त्यांतील वैयावृत्त्य म्हणजे सेवाशुश्रूषा. ही सेवा कोणाची करावी याची दहा जणांची यादीच तत्त्वार्थसूत्रात आहे आणि त्या यादीत आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्या पंक्तीला 'ग्लान' म्हणजे रोगी बसलेला आहे. हे विधान मुळात मुनिसंघास उद्देशून आहे, हे खरे. गृहस्थाने त्याचा किती विस्तार करावा याची चर्चा पंडितांनी अवश्य करावी. मात्र ती चर्चा संपेपर्यंत रोगी थांबत नाही.

आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय याच शहरातील आहे. येरवडा येथे १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ज्या भगिनी काम करतात, त्यांच्या कार्याचे गुणग्रहण करणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. जैन संघाच्या व्यासपीठावर व्यसनमुक्ती केंद्राचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. सप्तव्यसनांचा त्याग ही तर श्रावकाचाराची पहिली पायरी. ज्या घरात कांदा-बटाटाही येत नाही, तेथे मद्याचा प्रश्न येतोच कोठे, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत उंची, शिक्षण, गोत्र यांच्याबरोबर 'निर्व्यसनी' हा शब्द छापलेला असतो. ज्या समाजात तो शब्द मुद्दाम छापावा लागतो, त्या समाजात त्याच्या विरुद्ध परिस्थितीही आहे, एवढे अनुमान काढण्यास न्यायशास्त्राचा अभ्यास लागत नाही. या विषयाचा संबंध दूरच्या वस्तीशी नाही. तो आपल्या सोसायटीच्या जिन्याशी आणि दुकानाच्या मागच्या खोलीशी आहे.

मुक्तांगणच्या स्थापनेची कथा पुणेकरांस सर्वसाधारणपणे ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ब्राऊन शुगर, ज्याला रस्त्यावरच्या भाषेत 'गर्द' म्हणत, हा पदार्थ मुंबई-पुण्यातील तरुणांत वेगाने पसरला. डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून जे पाहिले ते लिहिले. पुढे ते 'गर्द' या पुस्तकाच्या रूपाने वाचकांसमोर आले. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि अशा मुलांसाठी काही उभे राहणार असेल तर अर्थसाहाय्य देण्याची तयारी त्यांनी दाखविली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. ही कथा सांगताना लेखकाचे आणि दात्याचे नाव प्रथम येते. परंतु रोग्यास दाखल करून घेणारी, औषध लिहून देणारी, त्याच्या बापाचा संताप आणि आईचे रडणे ऐकून घेणारी व्यक्ती तिसरीच होती. डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करीत होत्या आणि केंद्राची दैनंदिन धुरा त्यांनी वाहिली. पुढे त्यांना कर्करोगाने गाठले. त्या आजारातही त्यांचे मुक्तांगणचे काम चालू राहिले. १९९७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कन्या, मानसशास्त्राच्या अभ्यासक मुक्ता पुणतांबेकर यांनी त्या कामाची जबाबदारी स्वीकारली. डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकात ही वाटचाल सांगितली आहे. २०२२ साली त्यांचेही निधन झाले.

संस्थापिकेच्या नावावर संस्था चालते, पण संस्था चालविण्यास नावे पुरत नाहीत. मुक्तांगणात समुपदेशक म्हणून, परिचारिका म्हणून, कार्यालयात आणि पाठपुराव्याच्या कामात अनेक स्त्रिया आहेत. त्यांच्याबरोबर एके काळी स्वतः रुग्ण असलेले आणि आता बरे झालेले कार्यकर्तेही आहेत. दाखल होणाऱ्या माणसाला तेथे 'रुग्णमित्र' म्हणतात. साधारण पाच आठवड्यांचा मुक्काम, त्यात औषधोपचार, योगासने, समूहचर्चा, संगीत, श्रम आणि समुपदेशन, असा क्रम असतो. हे सर्व ऐकावयास सोपे वाटते. परंतु ते प्रत्यक्षात काय असते हे समजल्यावाचून या भगिनींच्या कामाचे मोल कळणार नाही, म्हणून थोडा तपशील सांगणे आवश्यक आहे.

रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबविले की काही तासांतच त्याचे हात कापू लागतात. घाम सुटतो, झोप उडते, मळमळ होते. काहींना झटके येतात. काहींना दोन-तीन दिवसांनी नसलेली माणसे दिसू लागतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, ते ओरडतात, अंथरुणातून उठून पळू पाहतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच घरच्या घरी खोलीला कडी लावून दारू सोडविण्याचा जो उपाय काही कुटुंबे करतात तो अत्यंत धोक्याचा आहे. गर्द सोडणाऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याचे नाक-डोळे गळतात, अंगातले हाड न् हाड दुखते, उलट्या आणि जुलाब होतात. या दिवसांत त्याच्या खाटेशी जी परिचारिका उभी असते, तिला त्याच्या तोंडून कृतज्ञतेचे शब्द ऐकावयास मिळत नाहीत. पुष्कळदा शिव्याच मिळतात.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत 'निर्विचिकित्सा' हे तिसरे अंग. विचिकित्सा म्हणजे किळस. या अंगासाठी आपल्या परंपरेत उद्दायन राजाची कथा सांगतात. एक देव रोगग्रस्त मुनीचे रूप घेऊन त्याच्याकडे आला, आहार घेतला आणि तेथेच वमन केले. दुर्गंधीने सेवक पळून गेले. राजा आणि राणी प्रभावती मात्र तेथेच राहिले. मुनीच्या अंगावर वांती पडली, राणीच्या अंगावरही पडली. दोघांनी किळस न मानता त्याचे अंग धुतले, आणि आपल्याच आहारात काही दोष राहिला असावा म्हणून स्वतःस दोष दिला. पाठशाळेत ही कथा मुले पाठ करतात. कथेत समोर मुनी आहे, त्यामुळे किळस दाबणे तुलनेने सुलभ आहे. ज्याने पत्नीचे मंगळसूत्र विकले, ज्याने वडिलांवर हात उचलला, त्याची वांती पुसताना कोणत्याही मुनिवेषाचा आधार मिळत नाही. येरवड्यातील भगिनी हे काम महिन्याच्या पगारावर करतात, आणि त्याला त्या तप म्हणत नाहीत. कामाची पाळी म्हणतात.

पुण्यात अशा कामाला स्त्रियांनी हात घालण्याची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुणे सेवासदन सुरू केले, आणि सुखवस्तू घरांतील स्त्रिया परक्या माणसाचे अंग पुसण्याचे परिचारिकेचे काम शिकू लागल्या, तेव्हा समाजाने नाके मुरडली होती. शंभर वर्षांनंतर परिचारिकेस प्रतिष्ठा मिळाली. व्यसनी माणसाची शुश्रूषा करणारीस ती अजून पूर्णपणे मिळालेली नाही. "असल्या लोकांत काम करते?" हा प्रश्न तिला विवाहाच्या वेळी, भाड्याने घर घेताना आणि कधी माहेरच्यांकडूनही ऐकावा लागतो.

शरीरातील विष उतरल्यावर समुपदेशिकेचे काम सुरू होते आणि ते अधिक अवघड आहे. व्यसनी माणूस खोटे बोलण्यात निष्णात झालेला असतो, कारण खोटे बोलल्याखेरीज त्याचे व्यसन टिकलेच नसते. तो बाईंसमोर बसून सांगतो की आपणास व्यसन नाहीच, केवळ व्यवसायातील लोकांत बसावे लागते म्हणून थोडी घ्यावी लागते. कोणी म्हणतो, बायकोच्या बोलण्यामुळे पितो. कोणी जन्मभर न पिण्याची शपथ लगेच घ्यावयास तयार असतो. अनुभवी समुपदेशिका ही जन्मभराची शपथ घेऊ देत नाही. आजचा दिवस प्यावयाचे नाही, एवढेच ती मागते.

ही पद्धत १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीने जगभर रूढ केली, आणि पुष्कळांस ती पाश्चात्त्य वाटते. वास्तविक जैन घरात ती प्रत्येक मुलास माहीत असते. नवकारसीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपुरते असते. मुट्ठसीचे पच्चक्खाण तर मूठ वाळून नवकार म्हणून सोडीपर्यंतचे. थोड्या काळाची प्रतिज्ञा घ्यावी, ती पूर्ण पाळावी, विधिपूर्वक पारावी आणि पुन्हा घ्यावी, ही आपली रीत आहे. ज्याने लहानपणी आजीबरोबर मूठ वाळून पच्चक्खाण पारले आहे, त्याला 'आजचा दिवस' या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागणार नाही. संघातील साधू-साध्वींनी आणि पाठशाळेच्या शिक्षिकांनी या साम्याचा उपयोग अवश्य करून पाहावा.

येथपर्यंतचे काम रुग्णाचे. मुक्तांगणातील ज्या कामासाठी हा विषय निवडावा लागला, ते रुग्णाचे नाहीच; ते त्याच्या पत्नीचे आहे. तेथे 'सहचरी' या नावाने व्यसनी पतींच्या पत्नींचा आधारगट चालतो. याला परदेशातही एक समांतर इतिहास आहे. अमेरिकेत पुरुष मद्यपाशमुक्तीच्या सभेत बसत, तेव्हा त्यांच्या बायका बाहेर थांबत. बाहेर थांबल्या थांबल्या त्या एकमेकींशी बोलू लागल्या, आणि आजारी फक्त आतला माणूस नाही, आपणही आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच १९५१ साली लोइस विल्सन आणि त्यांच्या एका सहकारी स्त्रीने अल्-ॲनॉन ही कुटुंबीयांची चळवळ संघटित केली.

व्यसनी माणसाच्या पत्नीस कोणता आजार होतो? तिचे सारे दिवस त्याच्या पावलांचा आवाज ऐकण्यात जातात. किल्ली दारात कशी फिरते यावरून ती त्याची अवस्था ओळखते. तो कामावर गेला नाही तर "त्यांना ताप आहे" असे ती दूरध्वनीवर सांगते. त्याची उधारी माहेरून पैसे आणून फेडते. मुलांना सांगते, पप्पा दमले आहेत. लग्नसमारंभात तो दिसत नाही तेव्हा बाहेरगावी गेल्याचे सांगते. हे सारे ती प्रेमापोटी आणि अब्रूपोटी करते, आणि या प्रत्येक कृतीने त्याला पुढचा पेला घेणे थोडे अधिक सोपे होत जाते. सहचरीच्या बैठकीत तिला हे समजावून सांगितले जाते, आणि ते सांगणे हे फार नाजूक काम आहे. इतकी वर्षे जी राबली तिला, तुझ्या राबण्यानेच त्याचे व्यसन पोसले गेले, असे उघड म्हणणे क्रूर ठरेल. मग ती ते स्वतःच्या तोंडून म्हणेपर्यंत थांबावे लागते. शेजारच्या खुर्चीवरची दुसरी स्त्री आपली हकिगत सांगते, तीत ही स्वतःला ओळखते, आणि मग बोलू लागते. पहिल्या दोन-तीन बैठकींत पुष्कळ जणी काहीच बोलत नाहीत. बैठक चालविणारीस त्या मौनाला हात न लावता बसून राहता आले पाहिजे.

त्यानंतर तिला काय शिकविले जाते? पतीच्या वतीने खोटे बोलणे थांबवावे. त्याची उधारी त्याला फेडू द्यावी. मारहाण झाली तर ती लपवू नये आणि सुरक्षित ठिकाणी जावे. स्वतःचे जेवण, झोप, शिक्षण, नोकरी यांकडे लक्ष द्यावे. तो सुधारो वा न सुधारो, तिचे आणि मुलांचे आयुष्य त्याच्या पेल्यावर टांगलेले राहू नये. स्त्रियांच्या स्वतःच्या व्यसनासाठीही मुक्तांगणाने 'निशिगंध' या नावाने स्वतंत्र उपचारविभाग चालविला. असा विभाग उघडणे म्हणजे ज्या गोष्टीचे अस्तित्वच समाज नाकारतो तिच्यासाठी दाराला पाटी लावणे होय.

आता आपल्या घरांकडे वळणे प्राप्त आहे. कोणाचा दोष उघडा करू नये, ही शिकवण आपल्याकडे दृढ आहे, आणि तिला शास्त्राधार आहे. सम्यग्दर्शनाचे पाचवे अंग 'उपगूहन'. अज्ञानी किंवा असमर्थ माणसाच्या हातून घडलेल्या दोषामुळे धर्माची निंदा होत असेल तर ती झाकावी, असा त्याचा आशय. यासाठी जिनेंद्रभक्त श्रेष्ठीची कथा प्रसिद्ध आहे. ब्रह्मचाऱ्याचा वेष घेतलेला एक चोर त्याच्या घरच्या चैत्यालयातील मौल्यवान रत्न घेऊन पळाला. रखवालदारांनी त्यास पकडले. श्रेष्ठीने विचार केला की हा वेष धर्माचा आहे. चोरी उघड झाली तर लोक धर्मास नावे ठेवतील. तो म्हणाला, रत्न माझ्याच सांगण्यावरून आणले आहे. रखवालदार निघून गेले. घराची अब्रू राखण्याचे समर्थन म्हणून ही कथा येथपर्यंत सांगितली जाते. परंतु कथा येथे संपत नाही. श्रेष्ठीने रत्न परत घेतले आणि त्या तोतयास आपल्या घरातून काढून लावले. त्याने दोष लोकांपासून झाकला. दोषास घरात जागा दिली नाही.

आपण करतो ते नेमके उलट आहे. मुलाचे पिणे झाकायचे आणि चालू द्यायचे. ते झाकून झाले की 'निर्व्यसनी' असे छापायचे, आणि लग्न झाले की सुधारेल या भरवशावर दुसऱ्याच्या मुलीला घरात आणायचे. जे काम करण्यास येरवड्यात मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या, वर्षानुवर्षे अनुभव मिळविलेल्या स्त्रिया लागतात, त्याही एकट्या नाहीत, डॉक्टर, परिचारिका आणि सहकारी यांच्या आधाराने, ते काम तेवीस-चोवीस वर्षांच्या सुनेने एकटीने, रात्रीच्या वेळी, कोणालाही न सांगता करावे अशी आपली अपेक्षा असते. तो सुधारला तर घराण्याचे पुण्य. न सुधारला तर सुनेचा पायगुण. याला उपगूहन म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. सुनेच्या वडिलांनी विचारपूस केली नव्हती असेही नाही. केली होती, ज्यांना विचारले त्यांनीही झाकले. विचारणारे आणि झाकणारे दोघेही एकाच संघातले.

उपगूहनानंतर लगेच येणारे अंग 'स्थितीकरण', आणि आजच्या विषयाचे हृदय तेथे आहे. मार्गावरून ढळलेल्यास पुन्हा मार्गावर स्थिर करणे म्हणजे स्थितीकरण. याची कथा श्रेणिकपुत्र वारिषेण मुनींची. त्यांच्या मागोमाग त्यांचा मित्र पुष्पडाल याने दीक्षा घेतली, पण बारा वर्षे त्याचे मन घरी सोडून आलेल्या पत्नीत अडकून राहिले. वारिषेणांनी त्याची निंदा केली नाही. ते त्यास घेऊन आपल्या राजवाड्यात गेले, आईला सांगून आपल्या बत्तीस पत्नींना अलंकारांसह समोर बोलाविले, आणि हे सारे आणि हे राज्य तू घे, असे पुष्पडालास म्हणाले. त्याची लाज आणि भान दोन्ही जागी झाली. बारा वर्षे बाहेरून व्रत पाळणारा आणि आतून घरी असलेला पुष्पडाल मुक्तांगणातील कोणत्याही समुपदेशिकेस चटकन ओळखू येईल. दारू सोडली आहे पण दारूचे ध्यान सुटलेले नाही, अशी माणसे त्या रोज पाहतात.

या कथेत पुष्पडालच्या पत्नीचे बारा वर्षांत काय झाले, हे कोणी विचारीत नाही. प्राचीन कथाकारास ती गोष्ट कदाचित प्रस्तुत वाटली नसावी. सहचरीची बैठक मात्र तिच्यासाठीच भरते.

स्थितीकरण हे पुरुषाने पुरुषाचेच केले, असेही नाही. उत्तराध्ययन सूत्रातील राजीमतीचा प्रसंग आपल्या सर्व पंथांच्या भगिनींस ठाऊक आहे. नेमिनाथांच्या मागून दीक्षित झालेली राजीमती रैवतक पर्वतावर पावसात भिजून गुहेत शिरते. तेथे असलेल्या रथनेमीचे चित्त विचलित होते आणि तो तिला संसाराचे आमंत्रण देतो. ती घाबरते, पण पळत नाही. स्वतःस सावरून ती त्यास सांगते की, एकदा ओकून टाकलेले पुन्हा पिण्यापेक्षा मरण बरे. अंकुशाने हत्ती वळावा तसा तो तिच्या शब्दांनी वळतो, असे सूत्रकार म्हणतात. ओकलेले पुन्हा पिणे, ही उपमा सोडलेल्या व्यसनाकडे परत वळणाऱ्यास इतकी नेमकी लागू पडते की ती त्याच्यासाठीच योजली असावी असे वाटते. मात्र एक फरक आहे. रथनेमी एका उपदेशात वळला. येरवड्यास येणारा रथनेमी एका उपदेशात वळत नाही. तो वळतो, आठ महिने नीट राहतो, एखाद्या लग्नात पुन्हा पितो, लाजेने तोंड लपवितो, आणि मग पुन्हा त्याच दारात उभा राहतो. त्यास पुन्हा आत घेणारी बहुधा तीच समुपदेशिका असते जिने मागच्या खेपेस त्याच्यासाठी आठवडेच्या आठवडे खर्ची घातलेले असतात. तिने रागावू नये, असे तिच्या व्यवसायाचे नियम सांगतात. राग येत नसेल असे मानण्याचे कारण नाही.

कौतुकाचा विचार करताना हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाचा विद्यार्थी उत्तीर्ण होतो, शल्यविशारदाचा रोगी टाके काढून घरी जातो. व्यसनमुक्तीच्या कामात यश म्हणजे एखादी गोष्ट न घडणे. आज तो प्याला नाही. न घडलेल्या गोष्टीचे छायाचित्र काढता येत नाही आणि अहवालातही ती ठळक दिसत नाही. बरा झालेला माणूस पुष्कळदा त्या केंद्राचे नावही पुन्हा घेत नाही, कारण नाव घेतले की पूर्वेतिहास उघड होतो. जे जगत नाहीत त्यांची बातमी मात्र समुपदेशिकेपर्यंत येते. ती बातमी ऐकून तिला दुपारच्या बैठकीस हसतमुखाने बसावे लागते.

म्हणून अशा भगिनींचा सत्कार शाल, श्रीफळ आणि महिला दिनाची साडी देऊन करावयाचा असेल तर तो न केलेला बरा. सेवाभावी संस्थांतील पगार मोठ्या रुग्णालयांच्या मानाने कमी असतात, हे उघड आहे. त्याचे एक कारण दात्यांच्या सवयीत आहे. दाता खोली बांधून देतो, रुग्णवाहिका देतो, पाण्याचे यंत्र देतो, कारण त्यावर नाव घालता येते. पगारासाठी देणगी मागितली की तो खर्च प्रशासकीय ठरतो आणि त्याला कात्री लागते. वस्तुतः व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशिकेचा पगार हाच उपचाराचा खर्च आहे. तेथे तिच्या ऐकून घेण्यापलीकडे दुसरे मोठे यंत्र नाही. औषधदान आणि अभयदान या दोन्ही शब्दांचा अर्थ जाणणाऱ्या समाजाने एखाद्या समुपदेशिकेचे वर्षभराचे मानधन उचलावे, आणि त्यावर नाव घालण्याची जागा नाही म्हणून मागे हटू नये. सुवर्णमहोत्सवी निधीतून असे काही करता येईल का, याचा विचार विश्वस्त मंडळाने करावा, अशी नम्र विनंती येथे नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही.

दुसरी गोष्ट द्रव्याची नाही. या भगिनींच्या श्रमांचा मोठा भाग, माणूस फार उशिरा आल्यामुळे, वाया जातो. यकृत निकामी झाल्यावर, दुकान गेल्यावर, सून माहेरी निघून गेल्यावर आपली माणसे तेथे पोचतात. त्याआधीची दहा वर्षे नवस, ताईत, गावी पाठविणे, मित्र बदलणे आणि लग्न यांत जातात. मद्यपाश हा आजार आहे, हे जागतिक वैद्यकाने मान्य करूनही अनेक दशके लोटली. मधुमेहाचे निदान झाले तर आपण लगेच तज्ज्ञाकडे जातो आणि चार लोकांत सांगतोही. तंबाखूच्या बाबतीतही तीच टाळाटाळ आहे. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी खिशातून गेलेली नाही, आणि ती ज्या दुकानांतून मिळते त्यांतली काही आपली आहेत. मुक्तांगणास वर्गणी द्यावयाची आणि गल्ल्यावर पुडी ठेवावयाची, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणार नाही.

परिचय पुस्तिकेत 'निर्व्यसनी' हा शब्द छापण्यापूर्वी तो खरा असल्याची जबाबदारी कुटुंबाबरोबर शिफारस करणाऱ्यानेही घ्यावी. ज्याने उपचार घेतले आणि जो दोन-चार वर्षे नीट आहे, त्याने तसे स्पष्ट लिहिले तर ते त्याच्या विरुद्ध धरले जाऊ नये. तो न लिहिणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा आहे, हे मुलींच्या पालकांनी लक्षात घ्यावे.

शेवटची सूचना भगिनी मंडळासाठी आहे. येरवड्यापर्यंत जाणे अनेकींना शक्य नसते. भवानी पेठेतून, मार्केट यार्डाच्या बाजूने किंवा चिंचवडहून एखादी सून "कोठे निघालीस?" या प्रश्नास उत्तर देऊन निघू शकत नाही. स्थानकात, उपाश्रयात किंवा मंदिराच्या सभागृहात मात्र ती कोणासही न विचारता येऊ शकते. चातुर्मास सोडला तर ही सभागृहे दुपारी रिकामी असतात. तेथे आठवड्यातून एक दुपार सहचरीसारखी बैठक चालवावयाची झाल्यास, ती चालविण्याची विनंती प्रशिक्षित समुपदेशिकांना करता येईल. त्यांचे मानधन आणि जाण्या-येण्याचा खर्च मंडळाने द्यावा. बैठकीस सात-आठ खुर्च्या आणि पाण्याचा एक तांब्या पुरेल. चहा ठेवावयाचा असेल तर तो ठेवून मंडळाच्या भगिनींनी तेथून निघून जावे, आत काय बोलले गेले हे नंतर कोणी विचारू नये, आणि दारावर फलक लावू नये.